काळ्या पट्टीखालचा मजकूर

सोमवार, १ सप्टेंबर

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी आज एक कार्टून मालिका बघावयास घेतली, आणि तीही वैद्यकीय सल्ल्यावरून. हे वाक्य लिहून पुन्हा वाचले. त्यात चूक नाही.

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई दुपारी घरी येऊन गेल्या. कन्येने दार उघडले नाही, म्हणून त्या आधी बंद दाराशी बोलल्या आणि मग बैठकीच्या खोलीत आमच्याशी. उन्हाळ्यात वरची गेली, त्या आठवड्यापासून कन्या खोलीबाहेर आलेली नाही. वरची म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारी तिची मैत्रीण. दोघी एकाच जिन्यात वाढल्या. घरात तिला नावाने कधी कुणी हाक मारलीच नाही. ती वरची आणि आमची ती खालची. साधा ताप आला, तो मेंदूत शिरला, आणि आठवडा संपण्याआधी सगळे आटोपले. तिचे आईवडील घराला कुलूप लावून निघून गेले. त्यानंतर कन्या बालवाडीत शिकवण्यास गेली नाही. आम्ही दोघे कामावर गेलो की ती स्नानगृहात जाऊन येते, एवढे ओल्या टॉवेलवरून कळते. ताट दाराशी ठेवतो. ते कधी चिवडलेले परत येते, कधी जसेच्या तसे.

"तिच्या आवडीचं काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"ती चित्रं," सौ. म्हणाली. "हलणारी, जपानी. एवढाले डोळे असतात ना, ती. दोघी दर शनिवारी बघायच्या आणि मग त्यावर अशा भांडायच्या की मला वाटायचं आता केस उपटतात एकमेकींचे."

"मग तुम्हीही बघा. ती बाहेर येत नसेल, तर ती जिथे असते तिथे तुम्ही जा. बोलायला दोन शब्द तरी हाताशी राहतील. मात्र वजन असंच उतरत गेलं, तर मला तिला दाखल करावं लागेल. तिची इच्छा असो वा नसो."

"मला नाही जमायचं. दोन मिनिटांत गरगरतं मला," सौ. म्हणाली.

यावर दोघींनी माझ्याकडे पाहिले.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मालिकेचे नाव 'धुकेसागर'. चोवीस भागांपैकी तेवीस येऊन गेले. शेवटचा ऑक्टोबरच्या अखेरीस येणार आहे. सारे जग धुक्याच्या समुद्राने व्यापलेले असून त्यात बेटे तरंगतात. एक तरुण नावाडीण आणि तिचा सोबती एकशिंग्या, हा बोलणारा बोकड, जगाच्या टोकावरचा विझलेला दीपस्तंभ पेटवावयास निघाले आहेत.

पहिले तीन भाग बघून आक्षेप नोंदवले. एक, नावाडीण अखंड वल्हवते, परंतु तिच्या तळहाताला एकही घट्टा नाही. दोन, बेटांवरचे लोक नांगरत नाहीत, पेरत नाहीत, तरी गुटगुटीत आहेत. तीन, बोकडाला नकाशा वाचावयास कोणी शिकवले याचा खुलासा नाही. तथापि धुके उत्तम रंगवले आहे. मी रंगांच्या कारखान्यात अंतर्गत लेखापरीक्षक आहे. करड्या रंगाच्या किती छटा एकमेकींत मिसळल्या की डबा परत येतो, हे मला ठाऊक आहे. हे धुके परत येणार नाही.

"घरात पोर वाळत चाललीय," सौ. भांडी लावता लावता म्हणाली, "आणि घरचे कर्ते बोकडाची चौकशी लावून बसलेत."

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं ना?"

"बघा म्हणाल्या त्या. ऑडिट करा नाही म्हणाल्या."

तिनेच मग सांगितले की या मालिकांच्या चाहत्यांचे एक संकेतस्थळ आहे, तेथे दोघी मिळून 'दोन कंदील' या नावाने परीक्षणे लिहीत. मी ते पान शोधले. सोळा भागांची परीक्षणे आहेत. वाचताना कोणते वाक्य खालचीचे आणि कोणते वरचीचे हे ओळखू येते. कन्येची वाक्ये छोटी, दुसरीची लांबलचक आणि कंसांनी भरलेली. सतराव्या भागापुढे फक्त दोन शब्द आहेत: लिहीत आहोत.

ते शब्द तसेच आहेत. मी पान बंद केले आणि पुन्हा उघडून पाहिले.

रविवार, ७ सप्टेंबर

आज 'तटस्थ निरीक्षक' या टोपणनावाने माझे पहिले परीक्षण संकेतस्थळावर दाखल केले. उद्देश हा की कन्या अद्याप तेथे डोकावत असल्यास तिला वाचावयास काही मिळावे. मी कोण हे तिला कळण्याचा प्रश्न नाही. सौ.ला मसुदा वाचून दाखवला. "'सबब चार गुण वजा करण्यात येत आहेत,'" तिने माझेच वाक्य मला परत ऐकवले. "अहो, दूधवाल्याला चिठ्ठी लिहिता ती अश्शीच असते." हे अप्रस्तुत आहे.

दाखल करताना एक अडचण आली. परीक्षणाच्या खाली एक सक्तीचा रकाना असतो: 'कथेचे रहस्य फोडणारा मजकूर येथे लिहावा. तो पट्टीआड राहील.' मला कोणतेही रहस्य फोडावयाचे नव्हते. रकाना रिकामा सोडला, फॉर्म परत आला. 'निरंक' लिहिले, तरी परत आला. किमान दोन वाक्ये हवीत म्हणे. शेवटी जे समोर होते ते लिहिले: 'आज तिने अंडे परत पाठवले, पाव अर्धा खाल्ला. अर्धा का होईना, मी सौ.ला दाखवावयास धावत गेलो.'

दाखल झाल्यावर त्या दोन वाक्यांवर काळीकुट्ट पट्टी आली. आमच्या कार्यालयात बाहेरच्या मंडळींना कराराची प्रत देताना गोपनीय ओळी अशाच काळ्या करतात, आणि त्या कायमच्या जातात. व्यवस्था चोख आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

माझ्या परीक्षणांना वाचक मिळाले आहेत. 'झोपाळू ड्रॅगन' या गृहस्थांनी (की बाईंनी) विचारले, "हे परीक्षण आहे की कारणे दाखवा नोटीस?" 'गरम इस्त्री' यांनी लिहिले, "ऑडिटकाका, वल्ह्याला घसारा किती टक्के लावायचा?" मी दर कळवला. त्यावर बरेच हसरे चेहरे आले. मला आता सगळे ऑडिटकाका म्हणतात. वय कसे ओळखले हे समजले नाही.

पट्टीच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा दिसतो. पहिल्या परीक्षणाच्या वेळी, कोणाचाही अभिप्राय येण्यापूर्वी, तेथे एक होता. आज तो बराच फुगला आहे. अक्षरसंख्या असावी असे धरून मी पट्टीखालच्या मजकुराची अक्षरे मोजली. मेळ बसत नाही. शिवाय लिहून झालेल्या मजकुराची अक्षरसंख्या वाढेल कशी? व्यवस्थापकांकडे रीतसर तक्रार नोंदवली.

पट्टीखाली लिहिण्याची मात्र सवय लागली आहे. कोणी वाचणार नाही अशा जागी माणसाचा हात सैल सुटतो. या दैनंदिनीत मी स्वतःशी बोलतो. तेथे, का कोण जाणे, मी तिला 'तू' म्हणून लिहू लागलो आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

ताट जसेच्या तसे. सकाळचेही आणि संध्याकाळचेही.

बुधवार, २४ सप्टेंबर

कारखान्यात साठा मोजणी चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत गोदामात डब्यांच्या थप्पीआड बसून नववा भाग बघत होतो. गोदामप्रमुख मागे येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. एकाच वर्षी लागलेले आम्ही. त्यांना माझ्याशी कोणतीही भीड नाही.

"साहेब, हे बकरं बोलतंय."

"बोकड आहे तो. आणि तो नकाशे वाचतो."

"बरं." ते शेजारच्या डब्यावर बसले. बराच वेळ दोघे बघत राहिलो. मग हळूच म्हणाले, "पोरीचं काय?"

"तसंच."

"जेवते?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्यांनी त्यांच्या डब्यातला पाव मोडून माझ्या हातात ठेवला. "तुम्ही जेवा. तुम्ही आडवे झालात तर बकऱ्याचा हिशेब कोण तपासणार?"

व्यवस्थापकांचे उत्तर आले: 'आकडा बरोबर आहे, काका. तुम्ही लिहीत राहा.' याला उत्तर म्हणत नाहीत. तक्रार कायम ठेवली आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

चौदाव्या भागात नावाडीण एका बेटावर येते. तेथील माणसांनी धुक्याला भिऊन वेशीचे दार लावून घेतले आहे. ती हाका मारते, दार ठोठावते, रडते. दार उघडत नाही. मी परीक्षणात लिहिले की हा प्रसंग लांबला आहे, कारण एकदा उत्तर न मिळाल्यावर तीच कृती पुनःपुन्हा करण्यात कार्यक्षमता नाही. पट्टीखाली लिहिले की मीही रोज तेच करतो: सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा टकटक, 'बेटा, थोडं खाऊन घे.'

अभिप्राय अजब आले. 'झोपाळू ड्रॅगन' यांनी एरवीची थट्टा सोडून लिहिले, "टकटक करू नका. नुसतं दाराशी बसा. आत असणाऱ्याला ठोठावणं नको असतं, कोणीतरी आहे एवढं कळायला हवं असतं. मी आत होतो एकदा." 'गरम इस्त्री' यांनी खाली नुसता एक कंदील काढला. मागोमाग कंदिलांची रांगच लागली.

पात्राला उद्देशून असा सल्ला देण्याची पद्धत मला नवीन आहे. परंतु प्रसंगाचे विश्लेषण म्हणून ते खोल आहे, हे मान्य केले पाहिजे.

संध्याकाळी टकटक केली नाही. तिच्या दाराला पाठ टेकवून जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले. बऱ्याच वेळाने आतून दाराच्या खालच्या अंगाला काहीतरी टेकल्याचा आवाज आला. पाठ असेल, किंवा उशी असेल. मी हललो नाही. सौ. स्वयंपाकघराच्या दारात ओले हात धरून उभी होती. तीही हलली नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सतरावा भाग पाहिला. एकशिंग्या धुक्यात पडतो. आरडाओरडा नाही, संगीत नाही. नाव किंचित डोलते आणि त्याची जागा रिकामी दिसते. त्यानंतर भाग संपेपर्यंत नावाडीण त्याच एका बेटाभोवती वल्हवत फिरत राहते. पुढे जात नाही.

हा भाग आला त्याच आठवड्यात वरची गेली. दोघींनी तो एकत्र पाहिला होता का, की एकटीने, की कोणीच नाही, हे मला माहीत नाही. पुढचे भाग कन्येने पाहिलेले नाहीत, याची मात्र आता खात्री वाटते.

परीक्षण लिहिलेच पाहिजे म्हणून लिहिले. दृश्याच्या सलगतेत एक त्रुटी सापडली होती: नावाडिणीच्या डाव्या हातातला कंदील काही क्षण उजव्या हातात दिसतो. दोन गुण वजा केले. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिले. पण त्रुटी ती त्रुटी.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आज कन्येने दार बोटभर उघडून मनगट बाहेर काढले, नाडी बघू दिली, आणि पुन्हा कडी लावली. मी ते मनगट पाहिले. त्याविषयी येथे काही लिहीत नाही.

"पुढच्या खेपेला मला तिचं वजन घ्यावंच लागेल," बाई जिन्यात म्हणाल्या. "दार उघडायची काहीतरी सोय करून ठेवा."

सोमवार, ६ ऑक्टोबर

'दोन कंदील' यांचा अभिप्राय आला आहे.

माझ्या सतराव्या भागाच्या परीक्षणाखाली. तीन ओळी. "कंदील हात बदलत नाही. समोर धुक्यात तिचं प्रतिबिंब दिसतंय. ती स्वतःकडेच वल्हवत चाललीय. दोन गुण परत द्या."

मी कार्यालयातून अर्धी रजा टाकून घरी आलो. तो भाग पुन्हा पाहिला. ती म्हणते ते बरोबर आहे. धुक्याच्या त्या एका छटेत किंचित चमक आहे, ती मी, रंगाच्या कारखान्यातला मनुष्य, पाहू शकलो नाही. लगेच लिहिले: 'आक्षेप ग्राह्य. दोन गुण परत. चुकीबद्दल दिलगीर आहे.' पट्टीखाली काय लिहिले ते येथे उतरवत नाही. त्यात व्याकरण राहिलेले नव्हते.

सौ.ला सांगितले. तिने गॅस बंद केला. "तिने लिहिलं? तुम्हाला?"

"मला नव्हे, तटस्थ निरीक्षकाला. मी कोण हे तिला ठाऊक नाही. कळलं तर ती लिहायची थांबेल, तेव्हा तू एक शब्द बोलू नकोस."

सौ.ने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "नाही हो बोलत."

गुरुवार, ९ ऑक्टोबर

त्या तीन ओळींनंतर काही नाही. ताट दोन दिवस जसेच्या तसे.

सौ. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. संध्याकाळी मला तिकडेच बोलावून घेतले. बाहेरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"मी सुताराला सांगून आलेय," ती म्हणाली. "रविवारी सकाळी येईल. बिजागऱ्या आतून आहेत म्हणून करवत लावणार आहे."

"मला अजून थोडा वेळ दे. शेवटचा भाग येईपर्यंत तरी."

"कसला भाग?"

"ती बोलली ना माझ्याशी. दोन गुण मागितले तिने."

"गुण!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की आतला चौकीदार वळून बघू लागला. "रोज परक्यांच्या पोरींच्या दंडावर शीर शोधते मी. माझ्या पोरीचा दंड मला दिसत नाही. तुम्हाला समजतंय का? मला ती दिसत नाही. तुम्हाला निदान तो बोकड तरी आहे."

मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलली. दोघे पायी घरी आलो, एकमेकांच्या एक पाऊल मागेपुढे. घरात याचा उच्चार करावयाचा नाही असे ठरले. कन्येला आधी कळले तर ती काय करील, याचा भरवसा दोघांनाही नव्हता.

अठराव्या भागाचे परीक्षण लिहिले. पट्टीखाली: 'रविवारी सकाळी सुतार येईल. करवतीचा आवाज होईल. घाबरू नकोस, दाराच्या या बाजूला मी असेन. मला हे नको होते. तुझी आई वाईट नाही, तिला फक्त तुझा दंड बघावयाचा आहे.'

शनिवार, ११ ऑक्टोबर

हे कसे घडले याचा उलगडा होत नाही.

सकाळी ताट घ्यावयास गेलो. भाताला हात लावलेला नव्हता. भाताशेजारी, ताटाच्या कडेला, दाराची कडी ठेवली होती. आतली, पितळी. तिचे चारही स्क्रू वाटीत.

मी ते ताट दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात आणले. सौ.ने कडी उचलली, गालाला लावली आणि ओट्याला टेकून रडली.

"ऐकलं असेल तिनं काहीतरी," मग म्हणाली.

"घरात आपण एक अक्षर बोललो नाही."

"मग झोपेत बडबडला असाल तुम्ही."

हेच कारण त्यातल्या त्यात संभवनीय वाटते. सुताराला नको म्हणून कळवले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दार आता ढकलले की उघडते. हे अधिक भयंकर आहे. कडी होती तेव्हा मला आत जाता येत नव्हते. आता मी जात नाही. तिने कडी काढून दिली ती आम्ही ढकलू नये या भरवशावर, असे मला वाटते. सौ.ला तसे वाटत नाही. ती रोज आत जाते. कन्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. सौ. केसांतून हात फिरवते, कन्या फिरवू देते. बोलत नाही.

काल सौ.ने तिचा दंड पाहिला. बाहेर येऊन मला अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली, आणि तसाच हात धरून उभी राहिली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी वजन घेतले. त्यांनी आकडा सांगितला; मी आयुष्यभर आकडे लिहीत आलो, हा लिहिणार नाही. सोमवारी रुग्णवाहिका येईल, बरोबर दोन परिचारिका असतील. कन्येला त्यांनी हे समोर बसून समजावले. तिने मान हलवली. नाही म्हणून.

"विरोध केला तर?" मी विचारले.

"तर दोघीजणी उचलून नेतील. सवय असते त्यांना."

तो जिना. ज्या जिन्यात दोघी पायऱ्यांवर बसून रंगीत खडू झिजवत, त्या जिन्यातून तिला हातपाय धरून उतरवणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, न नेले तर काय होईल हेही मला समोर दिसते. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येते. मी पुनःपुन्हा ताळा करून पाहतो आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

शेवटचा भाग आला. दुपारी एकट्याने पाहिला. शेवट काय झाला ते येथे लिहीत नाही. ही दैनंदिनी चुकून कन्येच्या हाती पडली आणि तिला शेवट आधीच कळला, तर तो अपराध होईल. चाहत्यांत हा दंडक कडक आहे, आणि मी तो पाळतो. एवढेच लिहितो की नावाडिणीच्या तळहातावर शेवटच्या दृश्यात घट्टे आहेत. सारे चोवीस भाग मी त्या घट्ट्यांची वाट पाहत होतो, आणि ते दिसल्यावर मला बाहेर सज्जात जाऊन उभे राहावे लागले.

परीक्षणात सर्व गुण दिले. एकही आक्षेप नाही. पट्टीखाली लिहिले ते येथे उतरवून ठेवतो, कारण त्यानंतर मला लिहावयाचे काही उरणार नाही:

'मी ही मालिका बघावयास घेतली ती तुझ्यासाठी. आता ती मला आवडते, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही. तुझी आई ऐकून घेते, पण तिला बोकड म्हणजे बोकडच वाटतो. सोमवारी ते तुला नेतील. मी त्यांना अडवणार नाही, कारण मला तू हवी आहेस. रागावलेली, न बोलणारी, जन्मभर तोंड फिरवून बसलेली चालेल. वरचीची जागा मी घेऊ शकत नाही, ती कोणालाच घेता येणार नाही. नावेत दुसऱ्या टोकाला थोडी जागा असली, तर तेवढी पुरे. मला वल्हवता येत नाही. मी चुका मोजीन.'

पट्टी पडली. रोजच्याप्रमाणे जाऊन तिच्या दाराशी बसलो.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी दाराशी बसूनच मोबाइलवर संकेतस्थळ उघडले. 'दोन कंदील' यांच्या पानावर बदल झाला होता. सतराव्या भागापुढचे 'लिहीत आहोत' गेले होते. त्या जागी: 'भाग सतरावा. गुण पूर्ण.' आणि खाली काळी पट्टी. पट्टीच्या कोपऱ्यात आकडा अजून नाही.

मी सौ.ला हाक मारली. ती चष्मा शोधत आली, माझ्या शेजारी भिंतीला धरून खाली बसली.

"काय लिहिलंय?"

"ते कळणार नाही. ही पट्टी आहे. हिच्याखालचं कुणालाच वाचता येत नाही. कायमचं जातं ते."

"मग लिहितात कशाला?"

"तो नियम आहे."

"कसला मेला नियम. पोरीनं लिहिलंय आणि आईबापांनी वाचायचं नाही?"

दाराच्या आतून, अगदी खालून, आमच्या खांद्यांच्या उंचीवरून आवाज आला. घोगरा, वापरात नसलेला.

"पट्टीवर बोट ठेवा, बाबा."

सौ.ने तोंडावर हात दाबून धरला. माझे बोट जागेवर पडेना. तिनेच मनगट धरून ते नेमके टेकवले. काळे बाजूला सरकले, पडदा सरकतो तसे.

'उद्या गाडी नको. मी चालत येईन. जिन्यात कुणी बोलू नका. मी वरच्या दाराकडे एकदा बघेन, तेवढं थांबा. अठरावा भाग हॉस्पिटलमध्ये बघू, एकटीने नाही बघायचा. आईला सांगा, दंड धरायला येऊ दे. आणि शेवट सांगितलात तर याद राखा.'

सौ. अर्ध्यावर वाचून उठली आणि दार ढकलून आत गेली. मी बाहेरच राहिलो. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यात कोणता कोणाचा हे आज ओळखू आले नाही.

मग मी माझ्या पहिल्या परीक्षणापाशी गेलो आणि पट्टीवर बोट ठेवले. अंडे, अर्धा पाव, मी धावत गेलो ते. सगळे स्वच्छ वाचता येत होते. पुढचे उघडले, त्याच्या पुढचे. टकटक, सुतार, करवत, सहा तारखेचा तो व्याकरण नसलेला मजकूर. एकही अक्षर गेलेले नव्हते. कान तापले. 'झोपाळू ड्रॅगन', 'गरम इस्त्री', ते सारे कंदील. इतकी परकी माणसे माझ्या घरात ताटाशी बसून होती आणि मी त्यांना वल्ह्याच्या घसाऱ्याचा दर कळवत होतो.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून गाडी नको म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, जिना उतरेपर्यंत त्या खाली गाडी तयार ठेवतील, आम्हाला दिसणार नाही अशी. ते योग्यच आहे. अजून जिना उतरून झालेला नाही. सौ.ने कन्येच्या चपला काढून पुसून दाराशी ठेवल्या आहेत. उन्हाळ्यापासूनची धूळ होती.

व्यवस्थापकांकडील तक्रार मागे घेतली. आकडा म्हणजे पट्टी उघडून वाचणाऱ्यांची संख्या. तो पहिल्यापासून बरोबर होता. पहिल्या परीक्षणाखाली, कोणी काही लिहिण्याच्याही आधी, तो एक होता. तो एक कोण, हे दाराकडे बघून मी विचारले नाही.